मयत झाड क्रमांक एकशे चौदा

दाखलेबाईंची बदली पालिकेच्या वृक्ष विभागात झाली, तेव्हा त्यांना झाडांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते मरण. तेवीस वर्षं त्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसल्या होत्या. शहरातला प्रत्येक माणूस आयुष्यात दोनदा त्यांच्या वहीत येऊन जायचा, आणि दोन्ही खेपेला स्वतः न येता दुसऱ्याच कुणाला तरी पाठवायचा. 'दाखलेबाई' हे नावही त्या खिडकीनेच त्यांना चिकटवलं होतं.

तिथे बाईंनी एकच नियम पाळला. डॉक्टरची सही बघितल्याशिवाय कुणाला मारायचं नाही. एकदा एका वजनदार नगरसेवकाला काकांचं घर घाईघाईने नावावर करून घ्यायचं होतं. काका अंथरुणाला खिळले होते, पण होते.

"बाई, म्हातारा आज नाही तर उद्या जाणारच आहे," नगरसेवक खिडकीत वाकून म्हणाला. "दोन दिवसांनी असा काय फरक पडतो?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते, दोन दिवसांनी या."

काका उठून बसले. दर वर्षी काठी टेकत टेकत त्याच खिडकीत स्वतःच्या हयातीचा दाखला न्यायला येऊ लागले. नगरसेवकाने ही गोष्ट मनात जपून ठेवली. तो सभापती झाला, आणि त्याच आठवड्यात बाईंच्या टेबलावर बदलीचा कागद येऊन पडला.

वृक्ष विभाग इमारतीच्या मागच्या अंगाला, जुन्या पाण्याच्या टाकीला चिकटून होता. चार टेबलं, दोन लोखंडी कपाटं आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरायचाच जास्त. खिडकीतून एकही झाड दिसायचं नाही. एक होतं पूर्वी. साहेबांची गाडी उन्हात तापते म्हणून तिच्यासाठी पत्र्याची शेड बांधली, तेव्हा ते मध्ये आलं.

साहेब बाजार विभागातून आलेले होते. बोलायला गोड, दिसायला टापटीप, आणि हाताशी कायम दोन रबरी शिक्के. एकावर 'पाहणी केली', दुसऱ्यावर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे'. दुसरा शिक्का जास्त झिजलेला होता. त्यांच्या हाताखाली एक निरीक्षक. त्यांचे गुडघे गेले होते, त्यामुळे गेली सहा वर्षं ते सगळी पाहणी खुर्चीत बसूनच करत. त्यांची नजर मात्र अफाट. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या झाडाच्या शेंड्याला कीड लागलेली त्यांना टेबलावरून दिसायची. तिसरा, ठेकेदाराचा मुकादम. तो दर शनिवारी यायचा आणि आठवड्याच्या सगळ्या कागदांवर एका बैठकीत 'काम पूर्ण' लिहून जायचा. काम मग सवडीने व्हायचं. कधी कधी व्हायचंही.

बाईंच्या वाट्याला तक्रारींची आवक आली. पहिल्याच दिवशी पंचवीस पत्रं. बाईंनी ती चहा निवेपर्यंत वाचली, आणि मग गार चहा पीत पुन्हा वाचली. 'झाडाची पानं फक्त आमच्याच गच्चीत पडतात, समोरच्यांच्या पडत नाहीत. हा योगायोग नाही. चौकशी व्हावी.' 'पहाटे पक्षी ओरडतात. एकतर पक्ष्यांना समज द्यावी, नाहीतर झाड हलवावं.' 'मी दुपारी गाडी लावतो तेव्हा सावली शेजाऱ्याच्या गाडीवर असते. मी कर वेळेवर भरतो, तो भरत नाही.' एका गृहस्थाने सोमवारी लिहिलं होतं की झाड तोडत का नाही, आणि गुरुवारी लिहिलं होतं की फांद्या का छाटल्या. मधल्या दोन दिवसांत पालिकेने काहीच केलं नव्हतं. वाऱ्याने एक फांदी पडली होती, तेवढंच.

आणि एक पत्र होतं जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. अक्षर मोत्यासारखं. झाडांवर नंबराचे पत्रे ठोकताना चार-चार इंची खिळे वापरल्याबद्दल त्यात विभागाची सालटी काढली होती. खाली सही: 'एक जागरूक नागरिक'.

बाईंनी ते अक्षर बघितलं आणि लगेच ओळखलं. त्याच अक्षरात त्यांच्या घरी दूधवाल्याला चिठ्ठी असायची. त्यांचे सासरे शाळेत परीक्षा विभागाचे लेखनिक होते. निवृत्त होताना शाळेने त्यांना एक घड्याळ दिलं आणि उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे त्यांनी स्वतः मागून घेतले.

नवरा छापखान्यात दुपारपाळीला असायचा, त्यामुळे संध्याकाळी जेवायला टेबलापाशी सासरे आणि सून दोघंच.

"काय गं, नव्या विभागात काही काम होतं का?" सासऱ्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"कुठलं, बाबा. तक्रारीच इतक्या. त्यातून एका जागरूक नागरिकाने तर नुसता पिच्छा पुरवलाय."

सासऱ्यांनी घास नीट चावून गिळला. "असे नागरिक आहेत म्हणून चाललंय सगळं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि विषय तिथेच ठेवला.

एकशे चौदा नंबरचं झाड पोस्टाच्या रस्त्यावर होतं, चष्म्याच्या दुकानासमोर. चष्मेवाल्याचं म्हणणं, झाडामुळे दुकानाची पाटी दिसत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच दुकान, आणि त्यांनाच दुकान दिसत नाही! त्याने सतरा अर्ज केले होते. अठराव्या अर्जाला निरीक्षकांनी खुर्चीतून पाहणी केली आणि शेरा मारला: 'झाड पूर्ण वाळलेले, मयत, धोकादायक.' साहेबांनी शिक्का उमटवला. शनिवारी मुकादमाने 'काम पूर्ण' लिहिलं. सोमवारी कागद नोंदीसाठी बाईंच्या टेबलावर आला.

बाईंनी पेन उघडलं, आणि तेवीस वर्षांची सवय आडवी आली.

"हे मेलेलं बघितलं कुणी?"

"बघितलं म्हणजे?" निरीक्षक गोंधळले. "कागदावर आहे ना."

"कागदावर तुम्ही लिहिलंय. तुम्ही कशावरून लिहिलंत?"

"अर्जावरून."

जेवणाच्या सुट्टीत बाई चालत पोस्टाच्या रस्त्यावर गेल्या. एकशे चौदा नंबर हुडकायला वेळ लागला नाही, कारण त्या रस्त्यावर तेवढीच काय ती सावली होती. मयत चांगलं तीन मजली उंच होतं. पानं तळहाताएवढी, वर कोवळी तांबूस पालवी, आणि खाली एक पोस्टमन सायकल टेकवून डबा खात होता. बुंध्याजवळ दोन बायका पिशव्या खाली ठेवून सुनांबद्दल बोलत उभ्या होत्या. बाईंना आपण कुणाच्या तरी प्रेताची ओळख पटवायला यावं आणि त्याने उठून 'बसा ना' म्हणावं, तसं झालं.

दुकानातून चष्मेवाला धावत आला. "पालिकेच्या ना? आलात एकदाच्या! करवत कुठाय?"

"मी फक्त बघायला आले."

"आता काय बघायचंय? अठरा अर्ज केलेत मी!"

परत येऊन बाईंनी टिपण लिहिलं: 'झाड हयात आहे. नवी पालवी आहे. खाली तीन माणसे उभी होती.' टिपण वाचून साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई, मयताला पालवी फुटली असं लिहिता येत नाही."

"पण फुटलीय."

"फुटली असेल. पण आता बघा, निरीक्षकांनी मयत लिहिलंय, मी पाहणी केली म्हटलंय, मुकादमाने तोडलं म्हटलंय. तीन माणसं खोटी आणि एक झाड खरं, असं होतं का कुठे?" साहेबांचा स्वर अजून गोडच होता. "तुम्हाला नोंद करायला जड जात असेल तर सोपं आहे. उद्या सकाळी मुकादमाला पाठवतो. झाड तोडू. मग तर खरं होईल? मग करा नोंद."

बाई जागेवर येऊन बसल्या. समोर वही, हातात पेन. त्यांना जन्म-मृत्यूच्या खिडकीतला एक माणूस आठवला. कुठल्याशा इस्पितळाच्या चुकीने तो मयत म्हणून नोंदला गेला होता. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्याला चार वर्षं लागली. पण त्या चार वर्षांत त्याच्या दारात ना कराची नोटीस आली, ना कोर्टाचा बेलिफ. शेवटी दाखला हातात पडल्यावर तो जरा हिरमुसलाच होता. एकदा मेलेल्याला पालिका पुन्हा मारू शकत नाही. तसा अर्जाचा नमुनाच नाही.

नोंद केली नाही, तर झाड उद्या जाणार. केली, तर प्रकरण आजच बंद.

बाईंनी वही पुढे ओढली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डोळ्यांनी जिवंत बघितलेल्या जिवापुढे 'मयत' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. मग फाईलवर 'प्रकरण निकाली' लिहून त्यांनी ती कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. त्या दिवशी जेवण मात्र त्यांना गेलं नाही.

पंधरा दिवसांनी चष्मेवाला खिडकीवर आला.

"झाड कधी तोडताय?"

"तोडलं," बाई म्हणाल्या.

"काय तोडलं? आत्ता माझ्या दारात उभंय ते!"

"पोस्टाचा रस्ता, एकशे चौदा? हे बघा. काम पूर्ण. निरीक्षकांची सही, साहेबांचा शिक्का. तुमच्याच अर्जावरून झालंय."

चष्मेवाल्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "अहो, मी रोज बघतो त्या झाडाला!"

"मग तसा अर्ज द्या. झाड जिवंत असल्याचा. निरीक्षक पाहणी करतील आणि आधीची पाहणी खोटी होती असं लिहून देतील. मग आपण त्याला जिवंत करू, आणि मग तुम्ही तोडायचा अर्ज करा."

पलीकडच्या टेबलावर निरीक्षक अचानक फार महत्त्वाचं काहीतरी शोधू लागले. चष्मेवाल्याने तो अर्जही केला. निरीक्षकांनी खुर्चीतून पाहणी करून कळवलं की सदर जागी झाड आढळून आले नाही.

ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. पहिल्या आल्या गाण्याच्या ताई. लहान गल्लीत तळमजल्यावर राहायच्या, मुलांना गाणं शिकवायच्या. त्यांच्या दारातल्या झाडावरून शेजारच्या बंगलेवाल्याने अर्जांचा सपाटा लावला होता, कारण फुलांचे डाग त्याच्या नव्या फरशीवर पडायचे.

"बाई, एक विनंती होती," ताई खिडकीत हळूच म्हणाल्या. "आमचंही झाड तेवढं मारून टाका ना."

बाईंनी मान वर केली.

"म्हणजे तसं नाही हो. वहीत. फार गुणी झाड आहे. उन्हाळ्यात मुलं त्याच्याखाली बसून गातात."

बाई आढेवेढे घेत राहिल्या. पण बंगलेवाल्याचा अर्ज आत होताच, निरीक्षकांनी 'मयत' लिहिलेलं होतंच. पूर्वी नोंदीला तीन आठवडे लागायचे, आणि तेवढ्या दिवसांत मुकादमाला कधीतरी सवड व्हायची. आता बाईंनी शनिवारी मुकादमाची सही झाली की शनिवारीच नोंद करून फाईल बंद करायला सुरुवात केली. विभागाच्या इतिहासात इतक्या वेगाने काम कधी झालं नव्हतं. निकाली प्रकरणांचा आकडा फुगला, साहेब खूश. मुकादम तर फारच खूश, कारण बंद फाईलचं काम कुणी विचारत नाही.

बाईंनी आपल्या नियमाला एवढंच वळण दिलं की आता त्या प्रत्येक झाडाला जाऊन भेटत, आणि ते जिवंत असल्याची खात्री पटल्याशिवाय त्याला मयत लिहीत नसत. वर्षभरात एकेचाळीस झाडं झाली. पायाला फोड आले, चपलांचे दोन जोड झिजले. आणि बाईंना, ज्यांना काही कळत नव्हतं त्यांना, लांबून पान बघून झाड ओळखता येऊ लागलं. रविवारी घरी असला की नवरा चेष्टा करायचा, "या आठवड्यात किती मारलीस?" बाई हसायच्या. मजा वाटायला लागली होती त्यांना. तेच चुकलं.

एका मंगळवारी गाण्याच्या ताई आल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आठ दिवस बहिणीकडे गेले होते," ताई म्हणाल्या. "परत आले तर दारात नुसतं ऊन."

बंगलेवाल्याने भाड्याने माणसं आणून झाड बुंध्यातून कापून नेलं होतं. कामावरच्या माणसांना गल्लीतल्या कुणीतरी हटकलं, तर त्यांनी पालिकेचा कागद पुढे केला: 'झाड मयत, काम पूर्ण.' जे झाडच नाही, ते कापलं म्हणून गुन्हा कसला?

"तक्रार लिहून घ्या ना," ताई म्हणाल्या.

बाईंनी वही उघडली. आपल्याच अक्षरातली ती ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. कशाची तक्रार लिहायची? वहीप्रमाणे ते झाड आठ महिन्यांपूर्वीच गेलं होतं, आणि नेणाऱ्या त्या स्वतः होत्या. चोरून लपवण्याच्या नादात त्यांनी त्याला उघड्यावर टाकलं होतं. ज्या वहीने तोडणाऱ्यांना अडवलं, त्याच वहीने राखणदारही काढून घेतला होता, आणि असली आणखी चाळीस झाडं गावात बेवारस उभी होती.

"मुलांना काय सांगू?" ताईंनी विचारलं.

"माझं नाव सांगा," बाई म्हणाल्या.

ताई उठल्या. पाण्याचा पेला जागेवर ठेवून निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर बाईंनी टेबल पुसलं आणि सासऱ्यांसमोर एकेचाळीस नंबरांची यादी ठेवली.

"बाबा, एक पत्र लिहायचंय तुम्हाला."

"मी? मी कशाला कुणाला पत्रं लिहीन?"

"प्रश्नपत्रिका संपल्या असतील तर मी कोरे कागद आणलेत."

सासऱ्यांचा चेहरा वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून. 'झ' तुमच्यासारखा गावात कुणी काढत नाही."

मग बाईंनी सगळं सांगितलं. सासरे ऐकत राहिले. एरवी सुनेच्या बोलण्यातलं व्याकरण सुधारणारा माणूस, एकदाही मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू खोट्या नोंदी केल्यास. एकेचाळीस."

"हो."

"हेतू चांगला होता म्हणून कमी होत नाहीत त्या."

"नाही होत. म्हणून तर तुमच्याकडे आले."

सासऱ्यांनी यादी जवळ ओढली. "चिडून लिहू की दुःखाने?"

"नेहमीसारखं लिहा. वहीत आहे तेच, एकेचाळीस तोडली म्हणून; मग बघायला कुणीतरी येईलच."

चौथ्या दिवशी ते पत्र गावातल्या दैनिकात छापून आलं: 'एका वर्षात एकेचाळीस झाडांचा बळी! वृक्ष विभाग की स्मशान?' गाव पेटून उठलं. सह्यांची मोहीम निघाली. ज्यांनी ज्यांनी झाड तोडा म्हणून अर्ज केले होते, त्यांनी झाडं का तोडली म्हणून पहिल्या सह्या केल्या. पक्ष्यांना समज द्या म्हणणाऱ्या गृहस्थाने मोर्चात पक्ष्याचं चित्र धरलं. बंगलेवाल्याने पर्यावरणावर दोन शब्द बोलण्याची तयारी दाखवली.

वरून चौकशी समिती आली. अध्यक्ष एक उंच, घाईतल्या मॅडम. त्यांना दुपारच्या आत आणखी दोन चौकशा उरकायच्या होत्या. यादी घेऊन सगळे पोस्टाच्या रस्त्यावर गेले: मॅडम, साहेब, मुकादम, हातात वही घेऊन बाई, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर निरीक्षक.

"एकशे चौदा. मयत, तोडलं," मॅडमनी वाचलं. मग मान वर केली. मग आणखी वर केली. "हे काय आहे?"

साहेबांचा रुमाल बाहेर आला. आणि भीतीने माणसाला काय सुचेल याचा नेम नाही, निरीक्षक बोलून गेले, "हे नवीन आहे, मॅडम. जुनं गेलं की त्याच जागी नवीन लावतो आम्ही."

"वर्षभरात एवढं?"

"खत चांगलं आहे," मुकादम म्हणाला.

चष्मेवाला दुकानातून उसळून बाहेर आला. "साफ खोटं! माझ्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हापासून आहे हे झाड!"

"तुमच्या वडिलांच्या वेळचं एकशे चौदा तुमच्याच अर्जावरून गेलं ना?" मॅडमनी कागद उलटला. "अठरा अर्ज आहेत तुमचे. तेव्हा पाडा म्हणायचं आणि आता जुन्याची आठवण काढायची!"

मॅडम बाईंकडे वळल्या. "नोंद तुम्ही करता? हे झाड नवीन आहे का?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं. त्या नजरेत एका जन्मात मावणार नाही एवढी आर्जवं होती. खरं सांगितलं तर साहेब, निरीक्षक, मुकादम आणि स्वतः बाई, चौघंही एका दोरीत जाणार. त्याचं बाईंना फारसं काही वाटलं नाही. पण चौकशी मग वर्षानुवर्षं चालणार, वह्या कपाटात बंद होणार, आणि तोवर चाळीस झाडं बिननंबराची राहणार. ताईंच्या दारातलं ऊन त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"एकशे चौदाची नोंद बंद आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "या जागी आज एक झाड उभं आहे, ते मी स्वतः बघितलंय. त्याला नंबर नाही. नंबर द्यायला हवा. अशी चाळीस जागी आहेत."

"एकेचाळीस," साहेब घाईने म्हणाले.

"चाळीस. लहान गल्लीत झाड नाही. तिथलं खरंच कापलंय, बेकायदा. माझी नोंद त्याच्या आधीची आहे आणि ती चुकीची आहे. हे मी लेखी देते."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी घड्याळ बघितलं. चाळीस जिवंत झाडांपुढे एक मेलेलं त्यांना परवडण्यासारखं होतं.

अहवाल आला. 'विभागाने एका वर्षात चाळीस झाडे नव्याने जगवली. जगण्याचे प्रमाण उल्लेखनीय. नवीन लागवड असल्याने पुढील दहा वर्षे कोणत्याही कारणास्तव छाटणी अथवा तोड करू नये.' बंगलेवाल्याला दंड झाला; तो त्याने भरला आणि फरशी बदलून घेतली. बाईंना चुकीच्या नोंदीबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि त्यापाठोपाठ बदली, रस्त्यांच्या खड्ड्यांच्या विभागात. साहेबांना गौरवपत्र जाहीर झालं. चष्मेवाल्याने महिनाभर कुणाशी बोलणं टाकलं आणि मग नवी पाटी रंगवून घेतली: 'झाडामागचे चष्म्याचे दुकान'. ती पाटीही दिसत नाही, पण पत्ता सांगायला लोकांना सोपं जातं.

बाई लहान गल्लीत दोनदा गेल्या. पहिल्या वेळी ताईंनी दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी उघडलं. आतून मुलांचं गाणं ऐकू येत होतं, खिडक्यांना जाड पडदे लावले होते. बाईंनी सोबत रोप आणलं होतं, वीतभर उंचीचं, खरोखरचं नवीन.

"हे मोठं व्हायला किती वर्षं लागतील?" ताईंनी विचारलं.

"वीस तरी."

"तेव्हा मी गात नसेन."

"नंबर आजच घेतलाय," बाई म्हणाल्या. ताईंनी रोप हातात घेतलं. माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

गौरवाचा कार्यक्रम पालिकेच्या सभागृहात शुक्रवारी दुपारी होता. आदल्या दिवशी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. स्वर तोच, गोड. "बाई, जाता जाता भाषण तेवढं लिहून द्या. तुमचं मराठी चांगलं आहे. आणि आकडा एकेचाळीस घाला हो, चाळीस कसं गोल गोल वाटतं. लोकांना खरं वाटत नाही."

बाईंनी भाषण लिहिलं. सासऱ्यांनी ते एकदा नजरेखालून घातलं आणि दोन अनुस्वार दिले.

शुक्रवारी साहेब नव्या सदऱ्यात उभे राहिले. समोर सभापती, मॅडम, निरीक्षक, मुकादम आणि शेवटच्या रांगेत बाई. साहेबांनी कागद उघडला आणि जे समोर आलं ते वाचत गेले, जसे ते आयुष्यभर सह्या करत आले होते.

"आमच्या विभागाने एका वर्षात चाळीस झाडे तीन-तीन मजली उंच वाढवली," त्यांनी वाचलं. टाळ्या पडल्या. "हे जगात कुठेही झालेलं नाही." आणखी टाळ्या. "एक एकेचाळिसावं झाडही होतं. ते लहान गल्लीत होतं, त्याच्या सावलीत मुलं गायची, आणि ते आमच्या एका खोट्या ओळीमुळे गेलं."

साहेब क्षणभर थांबले. ओठ हलले, ओळ मनात पुन्हा वाचून झाली. पण तोवर ती सभागृहात जाऊन पोचली होती. कुणीतरी मागून टाळी वाजवली, आणि टाळी वाजली की वाजवायची असते म्हणून मग सगळ्यांनीच वाजवली. सभापतींनी सुद्धा.

बाईंनी नाही वाजवली. त्यांनी पिशवी उचलली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि चालत घरी गेल्या. सोमवारी नव्या टेबलावर त्यांची वाट बघत तीनशे बारा पत्रं पडली होती. पहिल्या पत्रात एका गृहस्थाने लिहिलं होतं की आमच्या दारातला खड्डा बुजवू नये. त्यामुळे गाड्या हळू जातात.